सायनसचे ऑपरेशन यशस्वी झाले की नाही, हे कशावरून ठरवायचे?

नागपुरातील एका गृहस्थांनी पुढील आशयाचा प्रश्न विचारला आहे. त्यांचे वय ३८ असून ते हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात काम करतात. दोन्ही नाकपुड्यांत पॉलिप (अस्तराला सूज येऊन वाढलेल्या मऊ गाठी) होते आणि सायनसचा त्रास अनेक वर्षांचा होता. पाच महिन्यांपूर्वी दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झाली. आता नाक मोकळे आहे आणि रात्रीची झोप सुधारली आहे. मात्र पहिले दोन महिने परत आलेला वास पुन्हा मंदावला आहे, घशात अधूनमधून शेंबूड उतरतो आणि कपाळाची डोकेदुखी होती तशीच आहे. दुसऱ्या एका डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी नवा सीटी स्कॅन काढला. त्यात अनेक सायनसच्या अस्तराला सूज असल्याचे लिहिले आहे. सायनस किती भरले आहेत हे स्कॅनवरून मोजणारा लुंड-मॅके गुणांक ९ आला आहे. ऑपरेशनपूर्वी तो १८ होता. ज्यांनी ऑपरेशन केले ते म्हणतात, सगळे उत्तम झाले आहे. दुसरे म्हणतात, आजार राहिला आहे, पुन्हा ऑपरेशन करावे लागेल. दोघांपैकी बरोबर कोण, असे त्यांनी विचारले आहे.

मी तुम्हाला तपासलेले नाही आणि तुमचे स्कॅन पाहिलेले नाहीत, त्यामुळे या दोन डॉक्टरांमध्ये निवाडा करणे मला शक्य नाही आणि योग्यही नाही. परंतु कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून अशा रुग्णांकडे पाहताना मी कोणत्या क्रमाने विचार करतो, ते सविस्तर सांगता येईल. तुमच्या वर्णनावरून असे दिसते की ते दोघे दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. एक जण पाहतो आहे की अरुंद वाटा मोकळ्या झाल्या का; दुसरा पाहतो आहे की चित्रात सूज उरली आहे का. ज्या तक्रारीसाठी तुम्ही टेबलवर झोपलात ती किती कमी झाली, हा तिसरा प्रश्न आहे, आणि माझ्या मते निर्णयाचे वजन त्यावरच पडायला हवे. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी जुळतीलच असे नाही, हे आधी मान्य केले म्हणजे तुमचा अर्धा गोंधळ कमी होईल.

ऑपरेशनने नेमके काय साधायचे असते, हे येथे थोडे सांगणे भाग आहे. सायनसच्या आत सूक्ष्म रोम असलेले अस्तर असते आणि ते रोम आतील स्राव सायनसच्या नैसर्गिक तोंडाकडेच ढकलत राहतात. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीने हा प्रवाह बारकाईने अभ्यासला, आणि त्यावर आधारलेल्या पद्धतीला अमेरिकेत डेव्हिड केनेडी यांनी १९८५ मध्ये आज प्रचलित असलेले 'फंक्शनल एंडोस्कोपिक सायनस सर्जरी' हे नाव दिले. तिच्यामागचा विचार असा की अस्तर खरवडून काढायचे नाही, तर नैसर्गिक तोंडे मोकळी करून द्यायची, म्हणजे स्राव बाहेर येईल आणि औषध आत पोहोचेल. पॉलिपच्या आजारात मूळ दाह अस्तराच्या स्वभावातच असतो. चाकूने तो संपत नाही. फक्त त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट मिळते. म्हणून ॲपेंडिक्स काढल्यावर जसा विषय संपतो तसा येथे संपत नाही, आणि जो सर्जन ऑपरेशनपूर्वी हे स्पष्ट सांगत नाही त्याच्या रुग्णाला पाच महिन्यांनी नेमका हाच प्रश्न पडतो.

आता मोजमापाकडे येतो. रुग्णाच्या त्रासाचे मोजमाप करण्यासाठी जगभर सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे 'स्नॉट-२२'. तिच्यात २२ प्रश्न असतात आणि प्रत्येकाला ० ते ५ गुण द्यायचे असतात, म्हणजे एकूण ० ते ११०. नाक चोंदणे, शिंका, घशात स्राव उतरणे, वास आणि चव यांबरोबरच कान भरल्यासारखे वाटणे, झोपमोड, दिवसा थकवा, कामात लक्ष न लागणे, चिडचिड, लाज वाटणे इथपर्यंत ते प्रश्न जातात. नाकाच्या आजाराची प्रश्नावली झोपेबद्दल इतके का विचारते, याचे रुग्णांना नवल वाटते. पण ऑपरेशनसाठी तयार झालेल्या माणसाला बहुधा झोपेने आणि थकव्यानेच जेरीस आणलेले असते.

या प्रश्नावलीचा एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. दोन वेळच्या बेरजेत किमान ८.९ गुणांचा फरक पडला, तरच माणसाला तो फरक खरोखर जाणवतो, असे तिच्या पडताळणीत दिसून आले. म्हणजे ४४ वरून ४० झाले तर त्याला सुधारणा म्हणण्यात अर्थ नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००० आणि २००१ या काळात ऑपरेशन झालेल्या ३,१२८ रुग्णांचा पाठपुरावा करण्यात आला होता. त्यांचा ऑपरेशनपूर्वीचा सरासरी गुणांक ४२ होता. तीन महिन्यांनी तो २५.५ झाला आणि पाच वर्षांनी २८.२ होता. या आकड्यांकडे मी रुग्णांचे दोन कारणांनी लक्ष वेधतो. सुधारणा पाच वर्षे बऱ्याच अंशी टिकली, हे एक कारण. दुसरे असे की सरासरी कधीच शून्यावर आली नाही. सायनसचा कोणताही आजार नसलेल्या लोकांनी ही प्रश्नावली भरली तरी त्यांचाही मध्यम गुणांक ७ च्या आसपास येतो. तेव्हा 'एकही तक्रार उरू नये' ही कसोटी लावली तर जगातील जवळजवळ प्रत्येक ऑपरेशन नापास ठरेल.

सुरुवातीचा गुणांक किती होता, यावरही बरेच अवलंबून असते. ज्यांचा गुणांक मुळातच २० च्या खाली असतो त्यांना ऑपरेशनने जाणवण्याइतका फरक पडण्याची शक्यता निम्म्याहून कमी असते. ३० च्या वर असलेल्यांमध्ये मात्र ७० टक्क्यांहून अधिक जणांना तो जाणवतो. स्कॅन वाईट दिसतो पण माणूस मजेत आहे, अशा रुग्णाला मी सहसा घाईने टेबलवर घेत नाही, याचे एक कारण हेच आहे.

तुमची अडचण अशी की ऑपरेशनपूर्वी तुमच्याकडून अशी कोणतीही प्रश्नावली भरून घेतलेली दिसत नाही. हे आपल्याकडे सर्रास घडते. आज बसून 'तेव्हा किती त्रास होता' हे आठवून लिहिता येईल, पण स्मरण फसवते: ज्याला बरे वाटत असते त्याला जुना त्रास होता त्याहून मोठा आठवतो आणि जो निराश असतो त्याला लहान. म्हणून मी आठवणीपेक्षा जुन्या कागदांवर आणि घरच्या माणसांवर अधिक भिस्त ठेवतो. मागील वर्षभरात प्रतिजैविकांचे किती कोर्स झाले, स्टिरॉइडच्या गोळ्या किती वेळा घेतल्या, कामावर किती खाडे झाले, रात्री तोंड उघडे ठेवून झोपत होता का, हे चिठ्ठ्यांवरून, हजेरीवरून आणि पत्नीच्या सांगण्यावरून बऱ्यापैकी उभे करता येते. स्टिरॉइडच्या बाबतीत एक गोष्ट विसरू नका. मोहल्ल्यातल्या दवाखान्यात 'सर्दीचे इंजेक्शन' म्हणून जे दिले जाते त्यात पुष्कळदा स्टिरॉइडच असते, तेव्हा त्याचीही मोजदाद करा.

रुग्णाच्या स्वतःच्या मतातही दोन खोट असतात आणि त्या ध्यानात ठेवाव्या लागतात. ऑपरेशनला होकार माणूस बहुधा त्रास शिगेला पोहोचलेला असताना देतो. जुनाट आजार चढउताराचा असल्यामुळे त्या शिखरावरून तो काही न करताही थोडा खाली आला असता. आलेल्या सुधारणेचे सगळे श्रेय सर्जनने घेणे म्हणूनच बरोबर नाही. दुसरी खोट आपल्या माणसांच्या भिडस्तपणाची आहे. समोर ऑपरेशन करणारा डॉक्टर बसलेला असला की विदर्भातला माणूस 'बरं आहे ना साहेब' असेच म्हणणार. यासाठी माझ्याकडे प्रश्नावली रुग्ण आत येण्याआधी बाहेर बसून भरतो, आणि ती भरताना माझा सहायक डॉक्टर शेजारी नसतो.

आता सीटी स्कॅनविषयी, कारण तुमच्या मनातील भीती त्या ९ या आकड्यातून आलेली आहे. लुंड-मॅके पद्धतीत प्रत्येक बाजूच्या सायनसला ०, १ किंवा २ गुण देतात: पूर्ण स्वच्छ असेल तर ०, पूर्ण भरलेला असेल तर २, आणि मधल्या सगळ्या अवस्थांना १. त्यात सायनसच्या तोंडाजवळच्या सामाईक मार्गाचे ० किंवा २ गुण मिळवले की दोन्ही बाजूंची बेरीज जास्तीत जास्त २४ होते. पद्धत सोपी आहे म्हणून ती टिकली, पण सोपेपणाची किंमत मोजावी लागते. अस्तराला जराशी जाडी आली तरी १, आणि सायनस तीनचतुर्थांश भरला तरीही १. शिवाय सायनसची कोणतीही तक्रार नसलेल्या, दुसऱ्याच कारणासाठी डोक्याचा स्कॅन काढलेल्या लोकांतही सरासरी ४ च्या आसपास गुण आढळलेले आहेत. ऑपरेशनमध्ये तो सामाईक मार्ग काढूनच टाकलेला असल्यामुळे त्याचे गुण नंतरच्या स्कॅनमध्ये धरणेही तर्काला धरून नाही. तुमच्या ९ मध्ये ते धरले आहेत का, हे अहवाल लिहिणाऱ्यालाच विचारावे लागेल.

याहून मोठी गोष्ट अशी की स्कॅनचा गुणांक आणि रुग्णाला जाणवणारा त्रास यांचे नाते फार कमकुवत असते, आणि हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. सीटी स्कॅनचे खरे काम ऑपरेशनपूर्वी नकाशा दाखवण्याचे आहे: डोळ्याची भिंत कोठे पातळ आहे, मेंदूच्या तळाचे हाड किती खाली आले आहे, कोणती वाट कोठून जाते. ऑपरेशननंतर तो नेमाने काढण्याची गरज नसते. गुंतागुंतीची शंका असेल किंवा पुन्हा ऑपरेशन करण्याचे खरोखर ठरत असेल, तेव्हा मी तो सांगतो. स्कॅनच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत तुम्हाला साधे पडसे झाले होते का, हेही पाहा. पावसाळ्यात किंवा डिसेंबरच्या थंडीत सर्दी झालेल्या कोणत्याही नागपूरकराचा स्कॅन काढला तर अस्तराची सूज दिसेल.

तरीही तुमचा ९ हा आकडा निरर्थक नाही. त्याची फोड महत्त्वाची आहे. दोन्ही बाजूंना एकेक गुण विखुरलेले असतील तर ती बहुधा अस्तराची सर्वसाधारण सूज आहे आणि तिच्यावर औषध हाच उपाय आहे. परंतु एकाच बाजूचे सायनस २-२ गुणांनी गच्च भरलेले असतील आणि दुसरी बाजू स्वच्छ असेल, तर माझी भूमिका लगेच बदलते. मग मी वरच्या दाढांच्या मुळाशी पू आहे का, बुरशीचा गोळा राहिला आहे का, तोंड पुन्हा बंद झाले आहे का, हे शोधतो. बेरीज तीच, पण अर्थ वेगळा. म्हणून अहवालाचा कागद पुरेसा नाही. दोन्ही वेळच्या स्कॅनच्या सीडी सोबत न्या आणि शेजारी शेजारी लावून पाहायला सांगा.

स्कॅनपेक्षा मला दुर्बिणीच्या तपासणीवर अधिक विश्वास वाटतो, आणि ती बाह्यरुग्ण विभागात, नाक बधिर करून पाच-सात मिनिटांत होते. तिच्यासाठीही लुंड-केनेडी नावाची गुणपद्धत आहे. पॉलिप, सूज, स्राव, व्रणाचे चिकटणे आणि खपल्या यांना प्रत्येक बाजूला ० ते २ गुण, एकूण २०. खरे सांगायचे तर बेरजेपेक्षा मी काही विशिष्ट गोष्टी शोधतो. गालातील सायनसचे उघडलेले तोंड नैसर्गिक तोंडाशी एकरूप झाले आहे की दोन वेगळी भोके राहिली आहेत, हे पहिले. तशी दोन भोके राहिली तर स्राव एकातून बाहेर येऊन दुसऱ्यातून आत जात फिरत बसतो आणि रुग्ण म्हणतो, नाक मोकळे आहे पण घशातले उतरणे थांबत नाही. मधले टर्बिनेट, म्हणजे नाकाच्या आतील हाडाची मधली घडी, बाहेरच्या भिंतीला चिकटले आहे का, कपाळाच्या सायनसची वाट उघडी आहे का, तेथे काही पेशीकोष (हाडातील हवेचे छोटे कप्पे) अर्धवट राहिले आहेत का, हे त्यानंतर. स्राव पातळ व पांढरा आहे की घट्ट, चिवट, तपकिरी आहे, हेही पाहतो. कारण तसा घट्ट स्राव ॲलर्जिक फंगल सायनुसायटिसकडे, म्हणजे बुरशीच्या ॲलर्जीतून होणाऱ्या सायनसच्या आजाराकडे, बोट दाखवतो. भारताच्या उष्ण भागांत तो आजार पुष्कळ आढळतो आणि त्याचा पाठपुरावा वेगळ्या शिस्तीने करावा लागतो. तुमच्या प्रश्नात दुर्बिणीच्या तपासणीचा कोठेच उल्लेख नाही, याचे मला आश्चर्य वाटले. दुसऱ्या ऑपरेशनचा सल्ला तिच्याशिवाय दिला गेला असेल, तर तो सध्या बाजूला ठेवावा असे माझे मत आहे.

दुर्बिणीत पुन्हा पॉलिप दिसला म्हणजे ऑपरेशन वाया गेले, असेही नाही. अमेरिकेतील अनेक केंद्रांच्या एका पाठपुराव्यात पॉलिपच्या रुग्णांपैकी सुमारे ३५ टक्के जणांत सहा महिन्यांत आणि ४० टक्के जणांत दीड वर्षात पॉलिप पुन्हा दिसले, तरीही एकंदर रुग्णांच्या तक्रारींतील सुधारणा टिकून होती. दिसणारा पॉलिप आणि छळणारा पॉलिप यांत फरक करावा लागतो.

आता तुमच्या तक्रारी एकेक करून पाहू. नाक चोंदणे ही ऑपरेशनला सर्वांत चांगली दाद देणारी तक्रार आहे आणि तुमची ती गेली आहे. झोप सुधारली हे त्याचेच फळ. घशात उतरणारा स्राव कमी होतो, पण सावकाश, आणि पुष्कळांत थोडा उरतोच.

वास हा सर्वांत लहरी आहे. तुमच्या बाबतीत तो परत आला आणि पुन्हा मंदावला, ही तक्रार म्हणून वाईट असली तरी निदानाच्या दृष्टीने फार मोलाची माहिती आहे. ऑपरेशनच्या आगेमागे तुम्हाला बहुधा स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या गेल्या असतील. त्या काळात वास आला, याचा अर्थ वासाचे तंतू जिवंत आहेत आणि त्यांच्यावर सुजेचे आवरण परत चढते आहे. ज्यांना गोळ्यांनीही कधी वास आला नाही त्यांची स्थिती याहून अवघड असते. घरी तपासायचे असेल तर डोळे मिटून, एकेक नाकपुडी बंद करून, कॉफीची पूड, संत्र्याची ताजी साल, भाजलेले जिरे, अंघोळीचा साबण असे चार पदार्थ दुसऱ्याकडून नाकाशी धरवा आणि ओळखता येतात का ते लिहून ठेवा. कापूर, पुदिना, विक्स वापरू नका. त्यांची झणझण वेगळ्या मज्जातंतूने कळते आणि वास मुळीच येत नसलेल्या माणसालाही ते 'ओळखू' येतात. हीच चाचणी दर महिन्याला त्याच पदार्थांनी करा. आणि वास नीट येत नाही तोवर स्वयंपाकघरात गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवून घ्या.

डोकेदुखीबद्दल मी जरा परखड बोलतो. नाक मोकळे झाले, झोप सुधारली, पण कपाळाची डोकेदुखी तसूभरही हलली नाही, तर ती मुळात सायनसची नसण्याची शक्यताच अधिक आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, 'मला सायनसची डोकेदुखी आहे' असे समजणाऱ्या २,९९१ लोकांपैकी ८८ टक्के जणांची लक्षणे मायग्रेनच्या वर्गात बसली. त्या अभ्यासातून ज्यांच्या सायनसचे निदान आधीच झाले होते त्यांना वगळले होते, म्हणून तो आकडा जसाच्या तसा तुम्हाला लागू होत नाही. परंतु एकाच माणसाला पॉलिप आणि मायग्रेन दोन्ही असू शकतात, हे विसरता कामा नये. उजेड सहन होत नाही का, मळमळते का, उन्हातून आल्यावर, जेवण चुकल्यावर किंवा रात्रपाळीनंतर दुखते का, आईला किंवा बहिणीला असाच त्रास आहे का, हे स्वतःला विचारा. मे महिन्यात ४५ अंशांत दुचाकीवरून हिंगण्याला जाणाऱ्या माणसाच्या डोकेदुखीला सायनसशिवाय पुष्कळ कारणे असतात. मायग्रेनसाठी केलेले दुसरे सायनस ऑपरेशन पहिल्याइतकेच निरुपयोगी ठरेल.

हा फरक केवळ समाधानाचा नाही. त्यावर निकाल बदलतो. २०२० च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत आजार 'नियंत्रणात', 'अंशतः नियंत्रणात' आणि 'अनियंत्रित' असे तीन वर्ग केले आहेत. गेल्या महिन्यातील नाक चोंदणे, बहुतेक दिवस येणारा घट्ट स्राव, चेहऱ्याचे किंवा डोक्याचे दुखणे, वास, झोप, दुर्बिणीत दिसणारे रोगट अस्तर, आणि गेल्या सहा महिन्यांत लागलेले गोळ्यांचे कोर्स हे त्याचे निकष आहेत. एक-दोन बिघडलेले असतील तर अंशतः नियंत्रण, तीन किंवा अधिक असतील तर अनियंत्रित. तुमचा स्राव अधूनमधूनचा असल्याने तो धरायचा नाही. वास आणि डोकेदुखी धरली आणि दुर्बिणीत अस्तर सुजलेले दिसले, तर तीन होतात आणि कागदावर तुम्ही 'अनियंत्रित' ठरता. डोकेदुखी मायग्रेनची निघाली की उरतात दोन, म्हणजे अंशतः नियंत्रण. नाक तेच, स्कॅन तोच. पण पहिल्या वर्गात दुसऱ्या ऑपरेशनची चर्चा सुरू होते आणि दुसऱ्यात औषधे नेटाने घेण्याची.

औषधांचा विषय निघालाच आहे तर विचारतो: सध्या तुम्ही नेमके काय घेत आहात? निकालाची तुलना करताना दोन्ही वेळची औषधे सारखी होती का, हे पाहिल्याशिवाय कोणताही आकडा बोलत नाही. माझा अनुभव असा की तिसऱ्या महिन्यापर्यंत रुग्ण मन लावून नाक धुतो. नाक मोकळे झाले की ते सोडून देतो आणि स्प्रेची बाटली कपाटात जाते. तुमचा वास नेमका त्याच सुमारास मंदावला, हा योगायोग नसावा. दिवसातून दोनदा, दर वेळी प्रत्येक नाकपुडीत १०० ते १२० मिली कोमट मीठपाणी, दाबायच्या बाटलीने, हे प्रमाण ठेवावे. पाणी उकळून थंड केलेलेच हवे, आरओचे चालणार नाही. त्यावर स्टिरॉइडचा स्प्रे, किंवा डॉक्टरांनी सांगितल्यास मीठपाण्यात मिसळलेले बुडेसोनाइड हे स्टिरॉइड. ऑपरेशनपूर्वी जे औषध पॉलिपच्या भिंतीवर आपटून गळून जात होते ते आता आत पोहोचते, आणि ऑपरेशनचा खरा लाभ तोच आहे. तो घेतलाच नाही तर दोष ऑपरेशनच्या माथी मारता येत नाही.

वेळेचेही भान ठेवावे लागते. पहिले काही आठवडे खपल्या आणि सूज यांचे असतात, त्यात काहीच ठरवू नये. तीन महिन्यांनी पहिला हिशेब मांडता येतो. सहा महिन्यांचा गुणांक पुढील वर्षभर साधारण तसाच टिकतो, म्हणून मी निर्णय त्या टप्प्यावर घेतो. आपल्या शहरात ऋतूही मध्ये येतो. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत खपल्या वाढतात, कूलरच्या कुबट खसाने अनेकांची ॲलर्जी चाळवते, पावसाळ्यानंतर गाजरगवत फुलते. एप्रिलमधील नाकाची तुलना ऑगस्टमधील नाकाशी करण्यापेक्षा गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. कारखान्यात धूळ, रंगाची फवारणी किंवा वेल्डिंगचा धूर यांच्याशी रोज संबंध येत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. मी विचारल्याशिवाय हे कोणी सांगत नाही.

मग दुसरे ऑपरेशन कधीच नको का? तसे नाही. वर उल्लेखिलेल्या ब्रिटिश रुग्णांपैकी सुमारे १९ टक्के जणांना पाच वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागले, तेव्हा त्यात लाजण्यासारखे काही नाही. एकाच बाजूचा गच्च भरलेला सायनस, चिकटलेले टर्बिनेट, अर्धवट राहिलेले पेशीकोष, कपाळाच्या सायनसची बंद झालेली वाट, साठलेला बुरशीजन्य स्राव, अशी हात घालण्याजोगी जागा दिसली तर मी स्वतः ते सुचवतो. केवळ अस्तर सुजलेले असेल तर आधी दोन ते तीन महिने औषधे काटेकोरपणे देतो आणि मग पुन्हा मोजतो. सोबत दमा असेल, किंवा ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकाने धाप लागत असेल, तर पॉलिप लवकर परततात आणि अपेक्षाच वेगळ्या ठेवाव्या लागतात. अशा हट्टी आजारासाठी ड्युपिलुमॅबसारखी जैविक इंजेक्शने आहेत. अमेरिकेत पॉलिपसाठी त्याला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. पण खर्च सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेरचा आहे आणि तुमच्या वर्णनात तिथपर्यंत जाण्याजोगे मला काही दिसत नाही.

एक अपवाद मात्र या सगळ्या सबुरीला आहे. वाकल्यावर एकाच नाकपुडीतून पाण्यासारखा स्वच्छ द्रव टपकणे, डोळ्याला सूज येणे किंवा एकाचे दोन दिसणे, तापासह मान आखडणे, आणि मधुमेह असेल तर गालाची बधिरता किंवा नाकात काळी खपली यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस पाहिलेल्या नागपूरकरांना शेवटच्या लक्षणाबद्दल वेगळे सांगायला नको.

प्रत्यक्षात आता काय करावे, तर आधी ऑपरेशन केलेल्या सर्जनकडेच जा, कारण कोणते सायनस उघडले आणि कोणते मुद्दाम सोडले, हे त्यांच्या टिपणांत आहे. त्या टिपणांची आणि पॉलिपच्या बायोप्सी अहवालाची प्रत मागा. अहवालात इओसिनोफिल पेशींचा (ॲलर्जीसारख्या दाहात वाढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) उल्लेख आहे का ते पाहा. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, त्यामुळे मागण्यात संकोच नको. दुर्बिणीची तपासणी करून घ्या, रक्तातील इओसिनोफिल मोजून घ्या आणि डोकेदुखीसाठी मेंदूविकारतज्ज्ञांना एकदा भेटा. नवीन औषधे सुरू करण्याच्या आदल्या दिवशी स्नॉट-२२ भरा, त्यावर तारीख टाका आणि तो कागद स्वतःजवळ ठेवा. तीन महिन्यांनी तीच प्रश्नावली, जुना कागद न पाहता, पुन्हा भरा आणि दोन्ही कागद घेऊन त्या दोन डॉक्टरांपैकी ज्यांच्यावर तुमचा विश्वास बसेल त्यांच्यासमोर बसा.